बिघडलेलं रीळ घेऊन लातूर ते नांदेड

शनिवारी सकाळी सहाला लातूर सोडलं. मागच्या सीटवर धपाट्यांचा डबा होता आणि टॉवेलात गुंडाळलेलं, मी स्वतःच्या हातानं बिघडवलेलं मासेमारीचं रीळ. शेजारी माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, तेव्हा इथून पुढे मामाच लिहिते.

मामांनी तीस वर्षं एसटी चालवली आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस तळ्याच्या काठावर काढला. साधा गळ, हातात दोरी, दुसरं काही नाही. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात अधू झाला आणि दोरी ओढणं थांबलं. मग मी हौसेनं काठी आणि रीळ मागवलं. काठी उजव्या काखेत दाबायची आणि डाव्या हातानं रिळाची मूठ फिरवायची, की दोरी गुंडाळली जाते. मामांना आठवड्याभरात जमलं. दोन महिने आमचे रविवार मजेत गेले.

मग रीळ खरखरायला लागलं. मी मेडिकल चालवते, त्यामुळे बारीक कामाला माझा हात चांगला आहे असा माझा समज. ग्रीस भरायला रीळ उघडलं आणि बंद करताना नवऱ्याचा बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर पूर्ण जोरावर लावला. कर्रर्र आवाज झाला. एका स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत झालं, तर दुसऱ्याच्या भोकातले आटेच गेले. वर मूठ जरा हलतेय म्हणून तिच्यात झटपट चिकटणारा गोंद सोडला. तो आतल्या बेअरिंगमध्ये उतरला आणि मूठ जागच्या जागी गच्च बसली.

मामा रागावले नाहीत. नुसतं "राहू दे" म्हणाले आणि काठी कपाटामागं ठेवून दिली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मासेमारीच्या एका ग्रुपवर विचारल्यावर नांदेडच्या गायकवाड मॅडमचा नंबर मिळाला. मी फोनवर सगळं कबूल केलं. त्यांनी एवढंच विचारलं, की गोंद कुठला टाकला. मग म्हणाल्या, घेऊन या, पण एक रात्र थांबायच्या तयारीनं या.

चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा रस्ता. चहापाणी धरून साडेतीन तास ठेवा. मामांना या रस्त्याचं प्रत्येक वळण पाठ आहे, त्यामुळे मला मोबाईलचा नकाशा लागलाच नाही. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा हॉटेलवाल्यानं सहज विचारलं, कुठं निघालात. मामांनी गाडीकडं बोट दाखवलं. "दवाखान्यात. पेशंट मागच्या शिटावर हाय, टावेलात." हॉटेलवाला बिचारा खरंच गाडीत डोकावून आला. मामांनी कुणाची चेष्टा केल्याला किती महिने झाले होते, ते मी मनात मोजत राहिले.

गायकवाड मॅडम तरोडा नाक्याच्या बाजूला राहतात. साठी उलटलेली, सुती साडी, कपाळावर सरकवलेलं भिंग. आयटीआयमध्ये यंत्रकाम शिकवून निवृत्त झाल्या. आता घरातच शिलाई मशीन आणि रिळं दुरुस्त करतात. मला वाटलं होतं, आधी ओरडा बसेल. त्यांनी रीळ उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "लई लोक असंच करून राहिलेत. मशीनचा दोष न्हाई. मशीनला थांब म्हणायचं असतंय, ते कुणी सांगत न्हाई."

मग त्यांनी आपला बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर काढला. पेनापेक्षा थोडा जाड. त्याच्या मानेवर आकड्यांची कडी होती, ती फिरवली की जोर कमी-जास्त होतो आणि ठरवलेला जोर लागला की मशीन आपोआप थांबतं. रिळासाठी सगळ्यात लहान आकडा. स्क्रू आधी हातानं सैल करायचा, मग मशीननं बाहेर काढायचा. बसवताना मशीननं जवळपास शेवटपर्यंत न्यायचा आणि शेवटचा पाव फेरा परत हातानं. मी भराभर लिहून घेत होते.

गुळगुळीत झालेल्या स्क्रूवर त्यांनी रबरबँडचा तुकडा ठेवला, वरून साध्या स्क्रूड्रायव्हरनं दाबून सावकाश फिरवलं, आणि स्क्रू निघाला. बेअरिंग सोडवून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलं. गोंद त्यानं विरघळतो, पण प्लॅस्टिकही विरघळतं, म्हणून फक्त धातूचा भाग बुडवायचा. अ‍ॅसिटोन माझ्या दुकानात रोज असतं, आणि मला हे सुचलं नव्हतं!

खरी कमाल आटे गेलेल्या भोकाची. त्यांनी दोन नळ्यांतला गोंद कालवून भोकात भरला, नवीन स्क्रूला ग्रीस फासून त्यात उभा केला आणि सांगितलं, आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. गोंद घट्ट झाला की स्क्रू उलटा फिरवून काढायचा. ग्रीसमुळे तो चिकटत नाही आणि भोकात नवे आटे तयार मिळतात. मामा पुढं वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, टिकंल का. मॅडम म्हणाल्या, उद्या बघू, आज सांगितलं तर खोटं होईल.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवलो. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसलो. स्टेशनजवळ साधं, स्वच्छ लॉज मिळालं. शनिवारी गर्दी असते, आधी फोन करून ठेवा. सकाळी गाड्यावर चुरमुऱ्यांचा गरम सुशीला खाल्ला, वर शेव आणि लिंबू, आणि दहाला परत मॅडमकडे.

मॅडमनी स्क्रू उलटा फिरवला. अडला. परत थोडा दाब दिला आणि तो टक् करून सुटला. भोकात स्वच्छ आटे होते. बेअरिंगही मोकळं फिरत होतं. जुळणी त्यांनी केली, पण झाकणाचे स्क्रू तसेच ठेवले आणि मशीन मामांच्या पुढं केलं.

मामांनी उजवा हात मागं घेतला. "ह्या हातात काय न्हाई राहिलं, मॅडम."

"पिळायचं न्हाई तुम्हाला. पिळायचं काम मशीन करतंय. तुम्ही नुसतं धरा अन् बटन दाबा."

मामांनी डाव्या हातानं उजव्याची बोटं मशीनभोवती बसवली. टोक दोनदा घसरलं. मी मदतीला हात पुढं केला, तर मॅडमनी मानेनंच नको म्हटलं. तिसऱ्यांदा टोक बसलं, मशीन गुणगुणलं, स्क्रू आत गेला आणि वेळेवर थांबला. मामांनी चारही स्क्रू बसवले. प्रत्येकाला मॅडमनी स्क्रू सैल होऊ न देणारा निळा द्रव थेंबभर लावून दिला होता. शेवटचा पाव फेरा मी हातानं दिला, अगदी जपून.

काठी मी गुपचूप डिकीत घालून आणली होती, त्यामुळे परतताना माळाकोळीहून आत लिंबोटीच्या धरणावर गेलो. तिथं मासेमारीचा ठेका असतो, त्यामुळे आधी काठावरच्या माणसाला विचारा. आम्ही विचारलं. त्यानं मामांचा हात पाहिला, रीळ पाहिलं आणि दोन तास बसायला सांगितलं.

पहिला तास काही नाही. ऊन चढलं, धपाटे संपले. मग काठी वाकली. मामांनी ती काखेत दाबली आणि मूठ फिरवायला घेतली. रीळ खरखरलं नाही, अडलं नाही, पंख्यासारखं फिरत राहिलं. माझं लक्ष माशाकडं नव्हतंच, झाकणाच्या त्या दुरुस्त केलेल्या कोपऱ्याकडं होतं. तो हलला नाही. वर आली वीतभर चिलापी. मामा इतके हसले की ठेक्याचा माणूस बघायला आला. मासा त्यालाच देऊन टाकला.

अंधार पडायच्या आत लातूरला पोहोचलो. पुढचे दोन दिवस मी भेटेल त्याला ग्रीस आणि आट्यांबद्दल सांगत होते, नवरा कंटाळला. पण या प्रवासातलं खरं काय उरलं, ते बुधवारी कळलं. मामांना व्यायाम शिकवणाऱ्या ताई दुकानात येऊन सांगून गेल्या. आठ महिने मामा त्यांच्याकडे जायचे ते आम्ही नेतो म्हणून, सांगतील तेवढं करायचे आणि गप्प उठायचे. परवा त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, की साधा स्क्रूड्रायव्हर पिळता यायला ह्या हाताला अजून किती दिवस लागतील. ताईंनी सांगितलं, नक्की सांगता येत नाही, पण रोज करावं लागेल.

व्यायामाची वेळ दहाची. मामा आता साडेनऊलाच चप्पल घालून दारात बसलेले असतात.