आगवाल्याचा तारा

दुपारचं जेवण अंमळ जास्तच झालंय. जनार्दन कोयंडे नुसत्या गंजीतच खाटेवर कलंडतो. संध्याकाळी खलाशांचा सत्कार आहे, न्यायला गाडी येणार, म्हणून दोन पदकं एका पट्टीवर टाचून उशाशी ठेवलीत. एक त्याचं स्वतःचं. एकाहत्तरच्या लढाईत तो मालवाहू बोटीवर होता. दुसरं बाबांचं, दुसऱ्या महायुद्धातलं, ताऱ्याच्या आकाराचं. बाबा आगवाले, बॉयलरात कोळसा मारणारे. बोट बुडाली तेव्हा ते खाली पाळीवर होते. सरकारने बाप नेला आणि धातूचा तारा धाडला, सौदा काही वाईट नाही, असं जनार्दन चारचौघांत हसून म्हणतो. एकटा असला की म्हणत नाही.

डोळा लागतो न लागतो तोच पाठीमागून कोणीतरी ठोकतं.

"जनू, दार उघड."

पाठीशी तर भिंत आहे. तो हात लावून बघतो. भिंत लोखंडाची आहे आणि तापलेली आहे. खाट नाही. तो बोटीच्या अरुंद बोळात पाठ टेकून उभा आहे, आणि बोळ जिथे संपतो तिथे त्यांचं जुनं स्वयंपाकघर आहे. कधीच वारलेली आई चुलीत लाकूड सारतेय.

"कोण ता?"

"तुझो बापूस. आणि कोण येतलो हंय?"

जनार्दन मान वळवतो. खांद्याशी एक वाटोळी काच आहे आणि काचेमागे कोळशाने माखलेलं तोंड. नुसते डोळे दिसतात. बाबा गेले तेव्हा तो शाळेतही जात नव्हता, आणि घरात त्यांचा एकही फोटो नाही. हे तोंड एकदा बघावं म्हणून तो जन्मभर झुरला आहे.

"बाबा, तोंड पुसा जरा. माका बघूचा असा."

"हंय पाणी खंय? आधी माका भायर काढ."

"तुमका तर सोडलेला. बारा वर्सां वाट बघून दर्भाचो पुतळो केलो. मीच अग्नी दिलो."

"पुतळो जळलो. तारो खंय जळलो?"

प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून पुतळ्याच्या छातीवर तो तारा ठेवला होता. अग्नीतून निघाला की राखेबरोबर समुद्रात सोडायचा, असं ठरलं होतं. ऐनवेळी, अग्नी देण्याआधी, आईने पुढे होऊन तो उचलून घेतला.

"एवढा तरी रवांदे घरात," चुलीपाशी आई म्हणते, तेव्हा म्हणाली होती तशीच. मागे वळून बघत नाही.

"तिका बोल लावू नको," बाबा म्हणतात. "ती गेली, सुटली. आता तू बाजूक हो."

"कडी खंय असा?"

"कडी नाय. तू टेकून उभो असस म्हणान दार उघडना नाय."

हे खरं आहे. त्याच्या टाचा लोखंडात रोवल्यासारख्या आहेत. पाय उचलला की बाबा शिडी चढून सरळ निघून जाणार, आणि मागे काही म्हणता काही उरणार नाही.

"तोंड दाखवा, मगे सरतंय."

"तोंडाचा काय करतलंस, जनू? माका धाप लागता."

घोट्यांशी पाणी येतं. कोमट, तेलकट. जनार्दनला आता खरोखर सरायचं आहे, पण पाठ सुटत नाही. काच काळी होते. आतून जोराचा रेटा बसतो.

तो खाटेच्या कडेला पालथा पडलेला आहे. बायको द्वारका चहा घेऊन उभी आहे.

"गे बाय! खंय लोळलात? गंजीक कोळसो लागलो हा."

"कोळसो खंयचो? गॅस येवन वर्सां झाली."

ती त्याची गंजी उतरवून त्याच्यापुढे धरते. पाठीवर दोन पंजे उमटलेत, शेजारी शेजारी, बोटं फाकलेली, काळेकुट्ट.

"कोणाचे हात ह्ये?"

बापाचा हात पाठीवर पडला की कसं वाटतं, हे जनार्दनला कधी कळलं नव्हतं. आता कळलं. तो हात त्याला ढकलत होता.

तो पट्टीवरून बाबांचा तारा सोडवतो.

"अहो, गाडी येतली मा?"

"इली तर थांबूक सांग."

तीच गंजी परत अंगात घालून तो बंदराच्या वाटेला लागतो.