ठमीच्या गळ्यातला धागा

आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, किस्से कोंबडीच्या गळ्यासारखे भरत जातात. कोंबडी दिवसभर टिपते, ते गळ्याखालच्या थैलीत जमा होते. संध्याकाळी फुगलेली, सकाळी रिकामी. सकाळी रिकामी नाई झाली तं समजा काही अडकलं. म्हणून मी रोज दाणे टाकायच्या आधी माझ्या ठमीचा गळा चाचपते. बीरगांवातले लोक म्हणतात, बुढी कोंबडीले गुदगुल्या करते. करते तं करते.

*

शेजारच्या दुलारीननं नवीन कोंबड्या आणल्या, अन् संध्याकाळी रडतच आली. "दाई, मोर कुकरी के गला म गांठ होगे."

म्या कोंबडीच्या गळ्यातल्या गाठीले हात लावला. दाणे खाऊन गच्च झालेली थैली, बस. पण म्या तोंड गंभीर केलं. "हळद लाव. अन् सकाळपर्यंत नवऱ्याशी भांडू नको."

सकाळी गाठ गायब. दुलारीननं नारळ फोडला. तवापासून ती मले वैद्य समजते. तिच्या नवऱ्याचा तं माझ्यावर जास्तच विश्वास.

*

समोरच्या सुमनची कोंबडी मात्र खरंच बिमार पडली. थैली पाण्याच्या फुग्यासारखी लुसलुशीत, तोंडाले आंबूस वास. सुमननं वास घेतला अन् नवऱ्याकडं पाहिलं. नवरा म्हणजे भाऊराव, सिलतऱ्याच्या प्लांटात कामाले. "पगाराच्या दिवशी तुमच्या तोंडालेही असाच येते," सुमन म्हणे.

कारण बासी. पाण्यात भिजवलेला कालचा भात ती रोज कोंबडीपुढं ओतून राहिली होती. तोच आत आंबला.

भाऊराव कोंबडीले उलटी टांगून पाणी काढायले निघाले. मोबाईलमध्ये पाहिलं म्हणे. म्या हात धरला. "आधी तुम्ही लोटाभर पाणी प्या. मी तुम्हाले उलटं टांगते. मंग पाहू, पाणी कोणाच्या श्वासात जाते."

ढोरांच्या डॉक्टरनं औषध दिलं, बासी बंद केली, कोंबडी उठली. भाऊराव फुगले. "तिच्यासाठी ऑटो केला. माझ्यासाठी कधी केला काय?"

सुमन म्हणे, "तुम्ही अंडे देता काय?"

*

आता माझ्या ठमीचं. पाऱ्यात वड एकच. इथल्या बाया अवसेले धागा गुंडाळतात, आम्ही मराठी बाया पुनवेले. अवसेले म्या ठमीले कोंडून ठेवलं, धागा गिळन म्हणून. पुनवेले मीच नथ घालून वडाभोवती फिरून राहिली, अन् ठमी माझ्या मागं मोकळी!

सकाळी गळा चाचपला तं दगड. दाण्याकडं पाहीना. म्या खाणं बंद केलं, तेलाचा थेंब पाजला, थैली हळूहळू चोळली. ढिम्म. दुसऱ्या सकाळीही दगड, अन् ठमी डोळे मिटून बसलेली.

दुलारीन म्हणे, "एला रांध ले, दाई."

"आधी तुले रांधीन," म्हटलं. ठमीले टोपल्यात घातलं, सुमन-भाऊरावले सोबत घेतलं अन् डॉक्टरकडं गेली. डॉक्टर म्हणे, "आजी, थैली उघडावी लागते. वाचते याची गॅरंटी नाई."

"घरी नेली तं मरायची गॅरंटी हाये," म्या म्हटलं. "उघडा."

त्यानं गळा सुन्न केला, बारीक चीर दिली. आतून गवत निघालं, अन् गवतात गुंतलेला पिवळा धागा. सुमन ओरडली, "हा माझा! हळदीत मीच भिजवला. कापू नका सायेब, सात जन्माचा हाये."

डॉक्टर थांबला. "कोंबडी वाचवू का धागा?"

"कोंबडी," मी म्हटलं. सुमन दिवसभर माझ्याशी बोलली नाई.

दुसऱ्या सकाळी ठमीनं डोळे उघडले, ओला दाणा टिपला. तिसऱ्या सकाळी थैली रिकामी. मी टाके पाहून राहिली होती, तं भाऊराव कुंपणाशी आले.

"मावशी, धागा पुरा निघाला ना?"

पुराच निघाला होता. म्या तोंड गंभीर केलं. "एक फेरा आत राहिला म्हणतात. सातातला एक जन्म कमी."

भाऊरावनं ठमीकडं पाहिलं. मंग समोर अंगण झाडणाऱ्या सुमनकडं पाहिलं. मंग आवाज हळू केला.

"बिचारीले पुन्हा कशाले कापता, मावशी? राहू द्या तेवढा."