सोडलेलं गाठोडं

२००९ साल. मला एकसष्टावं लागलं होतं अन् नात सोळा वर्षांची होती. ती दहा महिन्यांची असताना भूकंपात तिचे आईबाप, म्हणजे माझा मुलगा अन् सून, गेले. तिला मी माझ्या हातांनी मातीतून काढली. मग गाव सोडून लातुरात आलो, एका होस्टेलवर वॉचमन झालो, पत्र्याची खोली घेतली. स्लॅबखाली मी आजही झोपत नाही.

पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. त्या साली तिच्या क्लासवाल्यांनी दोन तुकड्या करायचं काढलं. वरच्या तुकडीला मोठे सर शिकवणार, खालच्यांना कुणीही. निवडीचा पेपर घरच्या कॉम्प्युटरवर द्यायचा होता. क्लासच्या साइटवरून जावाचा एक प्रोग्राम उतरवून घ्यायचा, तोही पासवर्डवर एकदाच मिळायचा. त्यात पेपर सोडवायचा अन् उत्तरांची फाइल संध्याकाळी सातच्या आत ऑफिसात द्यायची.

कॉम्प्युटर मी टायपिंगवाल्या चाचाकडून जुना घेतला होता. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. चाचानं पेपरचा प्रोग्राम चालवायला लागणारं जावा त्यात बसवून दिलं अन् म्हणाला, "भाऊ, अडलं की मला बोलवा. हे तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई."

ते मला लागलं. भूकंपानंतर मदतीच्या रांगेत माझ्यापुढं शाईचं पॅड सरकवलं होतं, तेव्हा चौथी शिकलेल्या मी पेन मागून सही केली होती. अंगठा दिला नव्हता.

पेपरच्या दिवशी नातीनं नेटकॅफेतून प्रोग्राम पेनड्राइव्हवर आणला, माझ्या हातात दिला अन् प्रॅक्टिकलला गेली. जाताना सांगून गेली की आबा, हात लावू नका, चारला येते अन् चाचाला घेऊनच येते. मी हाव म्हणालो. मनात धरलं की चाचाची गरजच पडू द्यायची नाही.

पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून फाइलवर दोनदा टिचकी मारली. प्रोग्राम चालू झाला नाही, आत काय काय भरलंय त्याची यादी उघडली. म्हणजे हे गाठोडंच. भूकंपानंतर आमच्याकडं गाठोड्यांनी मदत यायची. गाठ सोडायची, सामान घ्यायचं अन् पोतं लगेच जाळायचं. रिकामं पोतं दारात दिसलं की पुढचे ट्रकवाले म्हणायचे, तुम्हाला मिळालंय, अन् निघून जायचे. मी तसंच केलं. वरचं बटण दाबून सगळं बाहेर काढलं, मूळ फाइल पुसली, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग बाहेर आलेल्या एकेका तुकड्यावर टिचक्या मारत बसलो. एकही चालेना.

चारला नात अन् चाचा आले. चाचानं पडदा बघितला. मग हळू सांगितलं की फाइल तशीच ठेवून तिच्यावर माउसची उजवी कळ दाबायची, तिला चालायची परवानगी द्यायची अन् जावाकडून उघडायची, बस्स. नात प्रोग्राम परत उतरवायला धावत नेटकॅफेला गेली. पासवर्ड वापरून झालाय, असं उत्तर आलं. चाचा तुकडे जोडायला बसला, पण वीज गेली अन् आली तेव्हा सात वाजून गेले होते.

मी म्हणालो, "बाई, मला वाटलं..."

"आबा, ते गाठोडं सोडायचं नव्हतं," ती म्हणाली. "तसंच चालवायचं होतं." रडली नाही. उठून कणीक मळायला बसली. लहानपणापासून ती मला कधी उलट बोलली नव्हती, त्या दिवशीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासवर गेलो. यादी लागली होती. वरच्या तुकडीत बोटानं शोधलं, ती नव्हती. वहीच्या पानावर लिहून नेलं होतं की चूक माझी, पोरीची नाही, तिला परत पेपर द्या. सर म्हणाले, आता काही होत नाही. त्यांनी कागद परत दिला. मी ड्यूटीवर न्यायचा जेवणाचा डबा उघडला, भाताची चार शितं कागदाच्या मागं चोळली अन् माझ्या सहीसकट तो यादीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा, चिकटवला.