सोफावाल्याने निवडलेलं जाड कार्ड

त्याला सगळे सोफावालेच म्हणत, आणि बायको चिडली की तीसुद्धा. तीस वर्षं त्याने लोकांच्या बसायच्या जागा नीट केल्या आणि स्वतः दुकानात एका खोक्यावर बसला. कापडाचं टोक अंगठ्याने चोळून तो सांगायचा, हे दोन वर्षांत फाटेल, हे दहा वर्षं जाईल. बहुतेक वेळा तसंच व्हायचं. त्यामुळे आपल्या बोटांवर त्याचा भारी विश्वास. माणसांवरही होता, पण तो तीन वर्षांपूर्वी उडाला.

त्याचं असं झालं. त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लाँड्री काढायला निघाला. कर्जाला जामीन हवा होता, याने डोळे मिटून सही ठोकली. लाँड्री बुडाली, हप्ते थकले आणि बँक याच्या दारात. पुढे दोघांनी रडतखडत कर्ज फेडलं, पण पत गेली ती गेलीच. खातं बंद झालं, नवं कुणी उघडून देईना. साडूशी बोलणं तुटलं. बहिणी-बहिणी फोनवर बोलत, तेही हा दुकानात गेल्यावर.

अशात मुलीला दुसऱ्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला. वसतिगृहात एकच खोली उरली होती. शुक्रवारी संध्याकाळच्या आत पैसे भरायचे, आणि तेही पालकाचं नाव असलेल्या कार्डानेच. पैसे होते हो, कपाटात रोख होते! कार्ड नव्हतं. खोली हातची गेली तर प्रवेशही गेला, कारण बाहेर घर घेऊन पोरीला ठेवणं यांना झेपणारं नव्हतं.

"आधी पैसे भरायचे आणि मग वापरायचं, अशी कार्डं मिळतात बाबा," मुलगी म्हणाली. "त्यासाठी पतबित काही विचारत नाहीत."

बुधवारी गडी बाजारात गेला. दुकानात दहा-बारा कार्डं टांगलेली. दुसऱ्या कुणी मागचा मजकूर वाचला असता. याने एकेक कार्ड बोटात धरलं, वाकवून पाहिलं, नखाने कड खरवडली आणि सगळ्यात जाड, गुळगुळीत होतं ते उचललं. "माल चांगला आहे," असं दुकानदाराला वर सांगितलं! नशीब, बायकोने आधीच बजावलं होतं, म्हणून पैसे थोडेच भरले.

घरी मुलीने फोनवर कार्डाचा नंबर घातला. नकार. पुन्हा घातला. पुन्हा नकार.

"बाबा, हे भेट द्यायचं कार्ड आहे. यावर कुणाचं नावच नसतं. दुकानात खरेदी करायची आणि फेकून द्यायचं."

भरलेले पैसे परत मिळेनात. बायकोने त्या कार्डावर वर्षभराचा साबण आणून टाकला.

"माझ्या बहिणीचा नवरा तीन वर्षं असल्याच कार्डांवर दिवस काढतोय," साबण लावून ठेवताना ती म्हणाली. "त्याला विचारा."

"ज्याने खड्ड्यात घातलं, त्यालाच वाट विचारू?"

"अडला हरी गाढवाचे पाय धरी. आता गाढव कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा."

गुरुवारी दुपारी तो गेला. साडू आता दुसऱ्याच्या लाँड्रीत कामाला होता. वाफेने भरलेल्या लांबट खोलीत तो हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होता. केस पार पिकले होते. याला पाहून त्याने इस्त्री उभी केली आणि हात पुसले. पुसतच राहिला.

"पोरीचं काम आहे," सोफावाला म्हणाला. "कार्ड कुठलं घ्यायचं ते सांग."

साडूने पाकीट काढलं आणि चादरीवर तीन कार्डं मांडली. "दादा, हे पहिलं फुकट मिळतं, पण वापरा न वापरा, महिन्याला पैसे कापतं. हे दुसरं पैसे भरायला गेलं की प्रत्येक वेळी कापतं. हे तिसरं पातळ आहे, दिसायलाही गरीब, पण घेतानाच काय ते एकदा द्यायचं. ओळखपत्र दाखवलं की नाव छापून लगेच हातात देतात. आणि फीपेक्षा थोडे जास्त भरा. वसतिगृहवाले अनामत अडकवून ठेवतात, तेवढ्यासाठी खोली जायला नको."

"तुला बरं एवढं ठाऊक!"

"सगळ्यांत ठेचा खाल्ल्यात." साडू खाली बघत म्हणाला, "याला जामीन लागत नाही, दादा. म्हणून मी हे धरून बसलोय. परत कुणापुढे सहीसाठी कागद धरायची पाळी नको."

तीन वर्षं सोफावाला मनातल्या मनात या माणसाला शिव्या घालत होता, आणि हा इथे वाफेत उभा राहून म्हातारा झाला होता. याला त्याची दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली.

साडूने तासाची सुट्टी मागितली. दोघांनी जाऊन कार्ड घेतलं, पैसे भरले आणि काउंटरजवळच्या बाकावर बसून साडूच्याच फोनवर फॉर्म उघडला. सोफावाल्याला बारीक अक्षर दिसेना, म्हणून साडू वाचत गेला आणि लिहीत गेला. पैसे गेले. खोली मिळाली. सोफावाल्याने हुश्श केलं आणि उठायला लागला.

"थांबा, एक रकाना राहिलाय," साडू म्हणाला. "आईवडिलांशिवाय आणखी एक नातेवाईक विचारलाय. रात्री-अपरात्री पोरीला काही झालं, तर कुणाला बोलवायचं? भरवशाचं माणूस हवं म्हणतात. कुणाचं नाव घालू?"

"तुझं घाल."

साडूने मान वर केली. "माझं?"

"मग काय माझ्या हातोडीचं? घाल म्हणतो ना!"

साडूने नाव लिहिलं. नंबर लिहायला गेला, तर स्वतःचाच नंबर त्याचा दोनदा चुकला.