भाऊसाहेबांच्या मापाचा ओटा

"अजून एक थर चढव. मले वाकाले नाही पायजे," भाऊसाहेब म्हणाले.

मी थापी खाली ठेवली. "तुमी रांधता का, भाऊसाहेब?"

"म्या काऊन रांधू बे?"

मलकापुरात भाऊसाहेबांची कापसातली सरकी काढायची जीन होती. मी मिस्तरी, फरशी बसवण्यात माझं नाव होतं. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. नागपूरच्या कोण्या साहेबाच्या बंगल्यात यांनी उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा पाहिला आणि तो डोक्यातच बसला. साऱ्या गावाच्या चुली जमिनीवर, यांना मात्र अखंड शहाबादी लादीचा ओटा पाहिजे.

दगड चांगला होता. स्टेशनवरून लादी आम्ही बैलगाडीत उभी धरून आणली. आडवी टाकली तर गचक्यानं मधोमध तडकते. विटांचे पाये बांधायचे, लादी चुन्यात बसवायची, लेव्हल पाहायची. हे सोपं. खरं काम उंचीचं. रांधणाऱ्याच्या कोपराच्या चांगला वीतभर खाली दगड पाहिजे, कारण वर अजून शेगडी येते.

"बाईसाहेबायले बोलवा. माप घेतो."

"तिले काय समजते? माप माहं घे." आणि छाती काढून उभे राहिले.

गडी सागाच्या खांबासारखा उंच. बाईसाहेब त्यांच्या खांद्याला मुश्किलीनं लागत. मी दोनदा सांगून पाहिलं.

"ओटा कोणाचा?"

"तुमचा."

"मंग?"

या 'मंग'वर गवंड्याच्या पिशवीत हत्यार नसतं. मी थर चढवला.

मग तो नागपूरचा साहेब जेवायला आला. ओटा दाखवायचा म्हणून मलाही धुतलेले कपडे घालून बोलावलं. भाऊसाहेब पाहुण्यांना घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. आत बाईसाहेब पाटावर चढून पुऱ्या तळत होत्या. नुसतं उभं राहून त्यांना कढईतलं तेल दिसतच नव्हतं. दारात माणसं पाहून पदर सावरायला गेल्या अन् पाट सरकला. झारा कढईत आदळला. तेल उडालं ते सरळ हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत.

भाऊसाहेब माझ्यावर ओरडले, "उंची चुकवली यानं!"

माझं डोकं फिरलं. "चुकवली नाही. तुमचीच घेतली."

बाईसाहेबांनी हात घंगाळात बुडवला होता. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत. "मिस्तरी, सकाळी या. ओटा खाली घ्या. माप माहं घ्या."

"अवं, पण..." भाऊसाहेब म्हणाले.

"तुमी रांधसान का?"

साहेबाला मराठी कितपत कळत होतं देव जाणे, पण तो मिशीत हसला. भाऊसाहेब पाहुण्यांना घेऊन बैठकीत गेले.

सकाळी आम्ही चौघांनी लादी उचलली, थर उतरवले, पुन्हा चुना घातला. बाईसाहेबांचा भाजलेला हात फडक्यात होता. दुसऱ्या हाताचं कोपर त्यांनी भिंतीला लावून दाखवलं. भाऊसाहेब तिकडे फिरकलेच नाहीत.

महिन्याभरात गावभर त्यांचंच बोलणं: "बायकायच्या सोयीचा इचार करून उंची म्याच ठरवली." लोक माना डोलवायचे. ते ऐकून दुसऱ्या एका जीनवाल्यानं मला बोलावलं. त्यालाही ओटा पाहिजे होता. मी म्हटलं, "पाणी पाजा आधी." त्यानं स्वतःच्याच घरात माठ शोधायला दोन खोल्या पालथ्या घातल्या आणि शेवटी बायकोला हाक मारली.

मी पाणी पिऊन त्या बाईलाच विचारलं, "ओटा केवढा उंच पाहिजे?" मालकाचं मत बैठकीच्या रंगापुरतं ठीक असतं.