दांडी धरू नका!

एल्बियो तेचेराच्या घरी पाहुणा बाथरूममध्ये शिरला की दाराची कडी लागायच्या आत स्वयंपाकघरातून आरोळी यायची, "दांडी धरू नका!" बिचारा पाहुणा हात धुवायला गेलेला असायचा. तो आत एकटाच उभा राहून टॉवेलच्या दांडीकडे संशयाने बघत बसायचा आणि बाहेर येताना आपण काहीतरी धरून आल्यासारखं तोंड करायचा.

उरुग्वेतल्या मोंतेविदेओ शहराच्या ला उनिओन भागात, आमच्या गल्लीतली जवळजवळ प्रत्येक टॉवेलची दांडी एल्बियोने बसवलेली. नाहीतर उखडलेली परत लावलेली. प्लंबरला आणि गवंड्याला जे काम कमीपणाचं वाटतं ते त्याने पोटापाण्याला धरलं. आमच्याकडच्या भिंती पोकळ विटांच्या. वरून टाइल्स चकचकीत, आत नुसती हवा. "निवडणुकीतल्या भाषणासारख्या," एल्बियो म्हणायचा. स्क्रूसाठी प्लास्टिकची गिट्टी ठोकली तरी तिला आत धरायला काही नसतं. अशी दांडी टॉवेलाचं ओझं सोसते, माणसाचं नाही. पण ओल्या फरशीवर पाय सरकला की माणसाचा हात नेमका तिच्याकडेच जातो. मग दांडी हातात, माणूस खाली आणि दुसऱ्या दिवशी एल्बियो दारात.

"बाई, दांडी कुणी धरली?"

"कुणी नाही हो, डॉन एल्बियो. आपोआप आली."

"आपोआप अंजीर खाली येतं, बाई. दांडीला ओढावं लागतं."

त्याची बायको मिर्ता. नव्या संसारात तिने एकदा उठताना दांडी धरली, तेव्हा त्याने असा काही थयथयाट केला की ती माहेरी जायला निघाली. गेली नाही; पण पुन्हा त्या दांडीला टॉवेलाशिवाय बोटही लावलं नाही. "माझी सवत भिंतीवर राहते," आल्यागेल्याला सांगायची. "तिला हात लावलेला आमच्या ह्यांना खपत नाही."

मग मिर्ताचे गुडघे गेले. एकदा अंगणात कपडे वाळत घालताना ती पडली. थोडक्यात निभावलं, पण दूर साल्तो शहरातून मुलगी आली, एस्तेला. तिने आईला शेकलं, चेपलं आणि जाताना शेजारी म्हणून आलेल्या माझ्यादेखत सांगितलं, "आई, पुन्हा पडलीस तर मी काही ऐकणार नाही. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय. बाबा तुला उचलणार आहेत का?"

मिर्ता एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. त्या दिवशी तिने ऐकून घेतलं.

एल्बियोने आधाराचा पाइप बसवायचा विषय काढला. "तसला? दवाखान्यात असतो तसला?" ती उसळली. "तो एस्तेलाने बघितला की माझी बॅग भरलीच म्हणून समज. लावून तर बघ, म्हाताऱ्या!"

त्याने लावला नाही. रविवारी मिर्ता शेजारणीचा हात धरून रस्त्यावरच्या बाजारात गेली आणि एल्बियोने मला हाक मारली. जाऊन बघतो तर बाथरूममध्ये धुरळा. जुन्या दांडीखालचा बारका स्क्रू काढून, सांध्यातलं पांढरं सिमेंट पात्याने कापून त्याने दोन टाइल्स अख्ख्या उतरवल्या होत्या. विटांची पोकळी सिमेंटने भरून आधीच वाळवलेली. ("दांडी सैल झालीय, वापरू नको," असं सांगून आठवडाभर तिथे फडकं लावून ठेवलं होतं. मिर्ताने टोमणाही मारला होता, "जगाच्या घट्ट करतोस आणि घरातली सैल?") आता भिंतीतून आटे पाडलेली सळई आरपार स्वयंपाकघरात काढलेली, पलीकडे लोखंडी पट्टी, वायसर, नट. नट निघू नये म्हणून सळईचं टोकही ठोकून चपटं केलेलं. त्यावर तवा टांगला की झाकून गेलं. अलीकडे मात्र तीच जुनी, गरीब दिसणारी दांडी.

"लोंबकळ," तो मला म्हणाला.

"मी?"

"गल्लीत तुझ्याएवढा जाडा दुसरा आहे कोण?"

मी लोंबकळलो. पाय उचलले. भिंत हूं की चूं करेना.

"आता तिला सांगून टाक," मी म्हणालो.

"काय सांगू? तू म्हातारी झालीस म्हणून? ही दांडी उपटून डोक्यात घालेल माझ्या."

"उपटणार नाही."

"तेवढंच समाधान." त्याने 'माते' या आमच्याकडच्या कडू चहाचा, नळी घातलेला पेला माझ्याकडे सरकवला. "सांगायचं कशाला? तोल गेला की हात आपोआप जातो. इतकी वर्षं तेच बघतोय मी."

टाइल्स परत बसल्या. बाजारातून आल्यावर मिर्ताने दांडीवर टॉवेल टाकला, बोटाने सरळ केला आणि म्हणाली, "झाली एकदाची?"

हिवाळ्यात, भर सकाळी, ती बाथरूममध्ये पडली. आवाजाने मीही धावलो. एल्बियो दारातच खिळला होता. टॉवेल जसाच्या तसा, सुरकुतीसुद्धा नाही. खाली मिर्ता, खुब्याचं हाड मोडलेलं.

दवाखान्यात तिला शुद्ध होती. एल्बियो उशाशी बसला तसा तिने त्याला खुणेने जवळ बोलावलं. थोडा विजयाचाच सूर होता.

"ऐक. मी दांडी नाही हं धरली. हात गेला होता, पण घेतला मागे."

एल्बियोने खाली बघितलं. म्हणाला, "माहितीये, म्हातारे. शहाणी आहेस तू."

त्या शहाणपणावर ती खूश झाली. एस्तेलाने बघून ठेवलेली जागा लागलीच नाही. छातीत पाणी झालं आणि मिर्ता दवाखान्यातूनच गेली.

नंतर त्याने ती दांडी काढायला घेतली. तवा उतरवला, पाना लावला, घाम गाळला. नट हलेना. टोक त्यानेच चपटं केलेलं. भिंत फोडावी लागली असती. त्याने तवा परत टांगला. कामं घेणं मात्र सोडलं, कुणी बोलवायला आलं तर म्हणतो, "हात कापतात."

परवा त्याच्याकडे बसलो होतो. तो चहाची नळी तोंडातून काढत नव्हता. मी उठून बाथरूममध्ये गेलो. कडी लावणार तोच स्वयंपाकघरातून आरोळी आली.

"धर रे! दांडी धर!"

मला तोल सावरायचा नव्हता. तरी धरली.

"धरलीस?"

"धरली."

मग तवा हलल्याचा आवाज आला. पलीकडून तोही सळईच्या टोकाला हात लावून उभा असावा.