रंगाचा दुसरा हात

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शारजातल्या एका अमेरिकन शाळेत गणित शिकवत होते. चित्रकलेची बाई लॉस एंजलिसहून आलेली. आजी-आजोबा मेक्सिकोचे, ती स्वतः अमेरिकेत जन्मलेली.

"अमेरिकेत मला विचारतात, तू मूळची कुठली? आणि मेक्सिकोत गेले की भावंडं माझ्या मोडक्या स्पॅनिशला हसतात," ती म्हणायची. "म्हणून आमच्या लोकांनी वेगळाच शब्द घेतला. चिकानो."

माझी शारजात वाढलेली मुलगी माझ्या मराठीला इंग्लिशमधून उत्तर द्यायची. त्यामुळे तिचं म्हणणं मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

बाईच्या लॉस एंजलिसमधल्या वस्तीत लोक दुकानांच्या भिंतींवर आपल्याच माणसांची मोठमोठी चित्रं काढत. तसंच एक चित्र तिने मुलांना घेऊन शाळेच्या फाटकाजवळ काढलं. मक्याच्या कणसांतून वर आलेले चेहरे: बसचा ड्रायव्हर, वॉचमन, झाडणारी मावशी. मावशी रोज जाता-येता स्वतःला बघून जायची.

मग एका पालकाने तक्रार केली. एवढी फी भरून दारातच झाडूवाली का बघायची? आम्ही दोघी प्रिन्सिपलकडे गेलो.

"चित्र सुंदर आहे," ते म्हणाले, "पण मालकांनी सांगितलंय. खलास."

मी बोलत राहिले, ते घड्याळ बघत राहिले. दोघींचा व्हिसा शाळेचाच होता; नोकरी गेली की देश सोडावा लागला असता.

शुक्रवारी भिंत पांढरी करायला रंगारी आला. तिने मलाही बोलावलं होतं. माणूस रत्नागिरीकडचा निघाला.

"निदान मावशीचा चेहरा ठेवायला सांग त्याला," ती म्हणाली. मी मराठीत सांगितलं.

"ताई, फोरमन बघायला येणार आहे. काही राहिलं तर मला गावी पाठवतील हो."

मी ते तिला इंग्लिशमध्ये सांगितलं. मग तिने हात पुढे करून रोलर मागितला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"द्या त्यांना," मी म्हणाले.

सगळी भिंत तिनेच रंगवली. मावशीचा चेहरा शेवटी. पण रंग वाळला तसे डोळे पांढऱ्याखालून पुन्हा दिसायला लागले.

"बाईंना सांगा, दुसरा हात मारावा लागेल," रंगारी हळूच म्हणाला.

एवढं वाक्य मला इंग्लिशमध्ये सहज सांगता आलं असतं. पण मी नजर भिंतीवरच्या डोळ्यांकडे वळवली. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा पुढे ओढला.